डावा गाल

बाबा, आज दुपारी मी दुकानातून गिऱ्हाईक परत पाठवलं आणि तेव्हापासून तुमच्यावर चिडून बसले आहे. वालावलहून एक बाई मुलीला घेऊन आली होती. स्थळाला पाठवायचा फोटो हवा होता. मुलीच्या ओठाच्या कडेपासून कानाखालपर्यंत भाजल्याची जुनी खूण आहे. फोटो काढून मी संगणकावर उघडला, तशी बाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ह्यो डाग काढून टाका. आणि रंग वायच उजळ करा." मी मुलीला विचारलं, "तुका काय होया?" आई मध्येच म्हणाली, "तिका काय इचारतास?" पण मुलगी बोलली. "आसा तसोच ऱ्हवांदे. दोनदा फोटोतसून काढून झालो. माका बघूक घराक इलेले मगे थंयच बघीत बसतत." मी आहे तसाच फोटो छापून दिला. बाई संतापली. मोबाईलवर हेच काम दोन मिनिटांत होतं म्हणाली, फोटो काउंटरवर टाकून तरातरा पायऱ्या उतरली. मुलगी दारातून मागे फिरली, फोटो उचलून पर्समध्ये घातला आणि गेली.

मला तिच्या आईचा राग आला नाही. असली गिऱ्हाइकं तुम्हीच तयार केलेली होती. मालवणातल्या किती मुलींचे फोटो तुम्ही काढलेत! मी दहावीत असताना तुम्ही मला निगेटिव्हवर पेन्सिल कशी चालवायची ते शिकवलंत. मागून दिवा लावलेली ती काच, तासून सुईसारखी केलेली पेन्सिल, श्वास रोखून तुम्ही भरत असलेला कुणाच्या तरी देवीचा व्रण. तुम्ही सांगायचात, "गिऱ्हायकाची नजर पयली डोळ्यांर जाता, मगे नाकावयल्यान तोंडार, मगे परत डोळ्यांर. मधी खंय अडखळाक नको." मी मान डोलवायचे. मला हे तुमच्याआधीपासून माहीत होतं, बाबा. जन्मापासून डाव्या गालावर जांभळी लास घेऊन फिरणाऱ्या मुलीला नजर कुठून निघते आणि कुठे अडकते ते कुणी शिकवावं लागत नाही. शाळेत, देवळात, मासळीबाजारात मी समोरच्याच्या बुबुळांवरून सांगू शकायचे, आता नजर आली, आता थबकली, आता हा घाईघाईनं दुसरीकडे बघेल.

बाविसाव्या वर्षी तुम्ही मला कॅमेऱ्यासमोर बसवलंत. दोन बोटांनी हनुवटी धरून माझं तोंड डावीकडे वळवलंत, उजव्या गालावर दिवा घेतलात. फोटो सुरेख आला होता. तो बघून कुडाळची माणसं घरी आली. मुलगा, त्याची आई, एक काका. मी कांदेपोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते, कारण तेवढी एकच रिकामी आहे. मुलाची आई माझ्याकडे बघते. तिची नजर डोळ्यांपर्यंत येतच नाही. मग बशी खाली ठेवून अगदी हळू विचारते, "फोटोतला चेडू ह्याच काय?" आमच्या आईनं काहीतरी पुटपुटलं. मुलगा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तरी त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, यंदा काजू कसा आहे ते बोलले आणि गेले. त्या माणसांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांना एक मुलगी दाखवून दुसरी बघायला बोलावलं होतं.

तक्रार पुढच्या क्षणाची आहे. जीप वळणाआड गेली आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात, "तुका कळाक नाय? खिडकी डाव्या बाजूक होती. उजेडात कित्याक बसलंस?"

उजेडात कित्याक बसलंस! पंचवीस वर्षं होऊन गेली, हे वाक्य मला एका अक्षराचीही चूक न करता पाठ आहे. बाकीच्यांना आपण कसं बघतो ते कळत नाही, त्यांना मी माफ करू शकते. तुम्हाला कळत होतं. माणसाची नजर अडखळली, की थोड्या वेळानं सवयीनं पुढे सरकते हेही तुम्हाला कळत होतं, कारण घरात तुमची सरकत होती. जेवताना तुम्ही माझ्याशी बोलायचात तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून बोलायचात. म्हणजे ते जमतं. मग त्या मुलाच्या आईला तेवढा वेळ द्यायला काय झालं होतं? आणि तिची नजर नसतीच सरकली, तर जाऊ दे, पण मला विचारायला काय झालं होतं? पुढे दोनदा तुम्ही फोटोसाठी हाक मारलीत, मी बसले नाही. लग्न राहिलं त्याचं मला फारसं वाटत नाही. माझ्या डाव्या गालाचा फोटो माझ्याच बापाच्या स्टुडिओत एकदाही निघाला नाही, ह्याचं वाटतं.

तुम्ही जाण्याआधी हे सगळं तुमच्या तोंडावर सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती. तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि तुमचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द सुटेनासे झाले. बघायला येणारे तुमच्या ओठांकडे बघायचे आणि चटकन भिंतीकडे वळायचे. तुम्हाला ते दिसत होतं. त्या दिवसांत, दुकान मी सांभाळायला लागले होते तेव्हा, एकदा तुम्ही मला जवळ बोलावून खूप कष्टानं म्हणालात, "बाय, माझो एक फोटो काढ गो." मी हातातलं औषध पुढे केलं आणि म्हटलं, "बरे झालात काय मगे काढूया." त्या वेळी कॅमेरा माझ्या गळ्यातच होता, बाबा.