पेटी माझी, डबी वाकासुगींची

मी, इसोगाई केनसाकु, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार कानाझावा, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. मनात मत्सर आहे. परंतु तो बुद्धिभ्रंश मानू नये.

१. घर, बाग व टपाल खात्यातील बचत पत्नी फुसाए हिला मिळावी. चहाची खोली भाड्याने देऊ नये.

२. तांबड्या कोरीव लाखकामाची दोन तबके व माझे भिंग कन्या सावाए हिला. तिने मुलांना भिंगातून कोरीव कडा दाखवाव्यात. चिनी कारागीर झाडाच्या चिकाचे थर एकावर एक चढवीत. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. पुरेशी जाडी आली की मगच सुरी चाले. झेन भिक्षूंनी हे काम जहाजांतून इकडे आणले, शोगुन राज्यकर्त्यांनी ते मांडून मिरवले, चहाविधीच्या जाणकारांनी पेट्यांत जपले. आणि काय सुंदर रीत! नवा मालक जुनी पेटी टाकत नाही. तिच्यावर आपली पेटी चढवतो. वस्तूलाही असे थर येतात.

३. आता वादाची बाब. श्री. वाकासुगी तोमोजी, सोया सॉसचे कारखानदार, यांच्याकडे पिओनी फुले कोरलेली, चीनच्या मिंग काळातील धूपाची डबी आहे. तिची मूळ पेटी, झाकणावर जुन्या चहागुरूंच्या हस्ताक्षरासह, माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात वस्तू हवेला काढल्यावर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने त्या चुकीच्या पेट्यांत भरल्या. त्याच आठवड्यात मी दुसऱ्याच वस्तूसह ती पेटी घेतली, त्यांनी परक्या पेटीतली डबी. पुढे दोघेही हटलो नाही.

त्यांच्याकडे चहाविधीला गेलो की ते सर्वांदेखत विचारत, “मास्तर, त्या रिकाम्या पेटीत हल्ली काय ठेवता? मुळ्याचं लोणचं?”

मी म्हणे, “तुमच्या डबीचं कुळ ठेवतो, वाकासुगीसान. तिला ते सांगता येत नाही ना!”

तरीही डबी हातोहात फिरू लागली की माझी नजर तिच्यामागे फिरे. फुसाए कुजबुजे, “अहो, डोळ्यांनी गिळाल ती. चहा गिळा, निवतोय.”

ती पेटी माझ्यासोबत चितेत जावी, असे मी ठरवले होते. फुसाए म्हणाली, “जाळा खुशाल. डबी त्यांच्याकडे राहीलच. तुमचं नाव मात्र कोण घेणार?”

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. म्हणून मूळ पेटी श्री. वाकासुगी यांनाच द्यावी. मात्र तिच्यावर मी पाउलोनियाच्या लाकडाची नवी पेटी करवून घेतली असून झाकणावर स्वहस्ते लिहिले आहे: ‘इसोगाई केनसाकु यांच्या संग्रहातून’. ती काढून टाकली तर वस्तूची परंपरा तुटेल, हे ते माझ्याइतकेच जाणतात. यापुढे प्रत्येक पाहुण्यासमोर त्यांना आधी माझे नाव उघडावे लागेल.

बाहेरची दोरी मी आवळून बांधली आहे. ती कापू नये. त्यांनी गुडघे टेकून बसावे आणि सोडवावी.

साक्षीदार: नुकुइ हारुयोशी, शेजारी
साक्षीदार: ओगिसो तामे, चहाच्या शिक्षिका

सही व शिक्का: इसोगाई केनसाकु
कानाझावा, ९ नोव्हेंबर, शोवा ४४ (इ.स. १९६९)