पाद्रीबुवांचा योद्धा

जेबझ,

तू जहाजावर पळून गेलास, असंच गाव समजतं. पण गेल्या मंगळवारी पाद्रीबुवांनी आपल्या परसामागचं जुन्या काळच्या थडग्यांचं टेकाड खणलं आणि तुझी कवटी घरी आणली. पुढचा तुटका दात बघून मी लगेच ओळखली.

मी आता त्यांच्याकडे स्वयंपाकाला असते. लिहायलाही त्यांनीच शिकवलं. प्रवचनापेक्षा त्यांना जुन्या हाडकांचं वेड जास्त.

"जपून पूस गं, टॅम्सिन," ते म्हणाले. "हजार वर्षांपूर्वीचा योद्धा आहे हा. तीन घाव दिसतात. तिघांनी घेरलं असणार बिचाऱ्याला."

"लढला असेल का हो?"

"सिंहासारखा."

तसा लेख लिहून त्यांनी लंडनच्या विद्वानांना धाडलासुद्धा. तू त्यांच्या टेबलावर बसलायस आणि रोज सकाळी मी तुझ्यावरची धूळ झटकते.

लढतोयस कुठला. दारू ढोसून चुलीपाशी घोरत पडला होतास. आणि तिघं नव्हते, जेबझ. कुऱ्हाड घेऊन मी एकटीच होते. तीन घाव घालावे लागले, कारण हात डावा होता. उजवा तू त्याच दुपारी मोडला होतास.

आता तुझी नसलेली,
टॅम्सिन