ओसरीपासून चुलीपर्यंतची तार

तीर्थरूप नाना,

काल धाकटीनं मला विचारलं, "अक्का, हाई तार कसानी शे?" धाकटी म्हणजे तुमची नवी सून, चोपड्याची. माघात भाऊजींचं लग्न झालं. ती केरसुणी हातात घेऊन वर बघत उभी होती. ओसरीच्या खांबापासून निघून, माजघराच्या तुळईवरून, थेट माझ्या चुलीशेजारच्या खिळ्यापर्यंत आलेली ती तार! मी म्हटलं, "काही नाही गं, ओले कपडे टाकायची." आणि मागच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, आणि मी तुमच्या तारेला कपड्यांची दोरी म्हटलं. म्हणून आज लिहायला बसले आहे. दुपार आहे. सासूबाईंचा डोळा लागलाय. धाकटी ओसरीवर तूर निवडते आहे.

नाना, तुम्ही भुसावळला तीस वर्षं रेल्वेत तारबाबू होता, नि रिटायर होऊन फैजपूरला घरी आलात ते एक ट्रंक घेऊन. सासूबाईंना वाटलं, लुगडी असतील. निघाली खेळणी! वातीवर फटफट चालणारी पत्र्याची बोट, चावीचं माकड, आणि तुम्ही स्वतः केलेलं ते विमान. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पोटात सायकलच्या ट्यूबची पट्टी पिळून भरलेली. हे सगळं मी लग्नानंतर ऐकलं. सासूबाई अजून सांगतात आणि अजून कपाळावर हात मारतात.

रविवारी सावद्याहून शिंपीकाका यायचे. त्यांच्या पिशवीत त्यांचं खेळणं, तुमच्या हातात तुमचं. दोन पिकल्या मिशांचे बाप्ये हौदाच्या काठावर बसून बोटींची शर्यत लावायचे, आणि हरलेला रुसायचा! जाताना एकमेकांची खेळणी आठवडाभर बदलून न्यायची, असा तुमचा नेम. सासूबाई ओरडायच्या, "या वयात खेयनं? लोकं काय म्हनतीन?" तुम्ही म्हणायचा, "लोकाइले बी खेयाले बोलाव." मी दाराच्या फटीतून बघत असायचे. हसू आलं की पदर दातात धरायचे.

कारण मला हसायची सोय नव्हती ना! सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, हसायचं नाही, समोर यायचं नाही. तुम्ही आत येण्याआधी खाकरायचा, आम्ही पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचो. तुम्हाला काही हवं असलं तर तुम्ही हवेला सांगायचा, "पाणी पायजे होतं." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे. तुमचा चेहरा मी पहिल्या वर्षात नीट पाहिलाही नव्हता. तुमचे पाय मात्र ओळखत होते.

मग ते विमान परसात आलं. कपाशी निघालेल्या शेतातून तुम्ही सोडलंत, वाऱ्यानं वळलं आणि माझ्या वाळवणावर कोसळलं. उजवा पंख मोडला. तुम्ही कुंपणाशी धापा टाकत उभे. मी भिंतीकडे तोंड करून उभी. तुम्ही खाकरलात. मी हलले नाही. शेवटी तुम्ही ते तसंच ठेवून परत गेलात.

दुपारी मी कामटी बदलली. माझ्या बापाच्या घरी, धुळ्याजवळ, आम्ही भावंडं पतंग करायचो, त्यामुळे हात बसलेला होता. कणकेची खळ केली, कागद चिकटवला आणि विमान उंबऱ्यावर ठेवून दिलं. संध्याकाळी तुमचा आवाज ऐकला. शिंपीकाकांना सांगत होता, "पंख पह्यल्यापेक्षा हलका झाला. कोनाचा हात हाये हा, माहीत हाये का?" नाना, सासरी आल्यापासून माझ्या भाकरीला, शेणसड्याला, कशालाच कुणी असं म्हटलं नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस तुम्ही तुळईवर चढून तार ओढत होता. चुलीजवळ एक पितळी कळ बसवलीत आणि एक वाजणारी पट्टी. तसंच ओसरीवर, तुमच्या बाजेशी. काचेच्या बरण्यांत नवसागराचं पाणी, ती तारेची बॅटरी. येऊन-जाऊन असणाऱ्या तुमच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, झाकण उघडलं तेव्हा सासूबाई ओरडल्या, "हात लावू नको वं, त्यात लोनचं नही, तुया भावाचं येड हाये!" कळीखाली तुम्ही एक कागद ठेवलात. इंग्रजी एबीसीडी, आणि प्रत्येक अक्षरापुढे आखूड नि लांब रेघा. मी मराठी पाचवी. महिनाभर भाकरी थापताना पिठावर रेघा ओढून शिकले. चार भाकरी करपल्या, बोलणी खाल्ली, पण शिकले!

आणि एक दिवस पट्टी वाजली. कट्ट, कड्ड, कट्ट... मी इंग्रजी अक्षरांतून मराठी शब्द जुळवले. "विमान छान केलंस." माझे हात पिठानं भरलेले. मी तशीच कळ दाबली. "कागद पातळ होता." तेवढंच सुचलं मला! तुम्ही ओसरीवर एवढ्या मोठ्यानं हसलात की सासूबाई बघायला धावल्या.

तीस वर्षं ज्या हातानं साऱ्या लाइनीच्या तारा पाठवल्या, तो हात आता माझ्याशी बोलायचा. मला तुम्ही "धुळे" म्हणायचा, स्वतःला "भुसावळ". सकाळी वाजायचं, "धुळे, धुळे, चहा केव्हा?" मी, "भुसावळ, दूध नासलं." तुम्हाला पहिला नातू झाला तेव्हा सुईण बाहेर येऊन सांगायच्या आधी तुम्हाला कळलं होतं, आठवतं? मी बाजेवरून उठून कळ दाबली म्हणून सासूबाईंनी मला केवढं झापलं! माझा बाप गेला तेव्हा तुम्ही दिवसभर काही विचारलं नाहीत. फक्त थोड्या थोड्या वेळानं, "धुळे, आहेस ना?" मी, "आहे." एवढंच. त्या "आहे"वर मी तो दिवस काढला.

आणि तरीही, नाना, तुम्ही समोर आलात की मी भिंतीकडे तोंड करायचे. तारेवर भांडायचो, विमानाच्या शेपटीवरून वाद घालायचो, आणि तेच तुम्ही पाणी मागायला आलात की हवेला सांगायचा. हसू यायचं मला. आता येत नाही.

एक विचारू? रागावू नका. तुम्ही वडील होता. तुमच्या शब्दाला घरात मान होता. एवढी तार ओढलीत, एवढ्या बरण्या मांडल्यात, मग एकदा दारात उभं राहून "सूनबाई, माझ्याशी बोलत जा" एवढं का नाही म्हणालात? लोकांच्या हसण्याला तुम्ही कधी भ्यायला नाहीत. माझ्या तोंडाला भ्यायलात का?

मग तुमची उजवी बाजू गेली. हात लुळा पडला, जीभ जड झाली. ऐकू मात्र सगळं येत होतं, डॉक्टर तसं म्हणाले. चार दिवस माझी पट्टी वाजली नाही. मी आतून विचारायचे, "बरं आहे का? दुखतंय का? काय करू?" ओसरीवर तुमच्या उशाशी ती कटकट वाजत असेल, आणि तुमचा हात उचलत नसेल. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी नुसती विचारत राहिले.

पाचव्या दिवशी तुम्ही ह्यांना डोळ्यांनी खुणावून कळ डाव्या हाताकडे घ्यायला लावलीत. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होते. पट्टी वाजली. तुमचा हातच वाटेना तो! एक अक्षर, मग कितीतरी वेळ काही नाही, मग दुसरं. मी पिठावर रेघा ओढत गेले. अर्धी भाकरी तव्यावर जळाली.

"तोंडानं बोल. एकदा."

मला कळलं, नाना. नीट कळलं. चुकून वाचलं, अशी सबब मी आता देणार नाही. तारबाबूला मरताना तार नको होती, माणसाचा आवाज हवा होता. पाच वर्षांत तुम्ही माझा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

मी हात धुतले. माजघर ओलांडून दारापर्यंत आले. बाहेर सासूबाई बसल्या होत्या, शिंपीकाका होते, आत्याबाई होत्या. तुम्ही मान दाराकडे वळवलेली. माझा पदर फटीतून दिसला असणार, कारण तुमची बोटं हलली. काय बोलायचं ते ठरलं होतं माझं. "नाना, मी आहे." तीनच शब्द! पण पाय उंबऱ्यावर रुतले. आत्याबाई काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, आजारी सासऱ्यापुढे सून तोंड उघडते... मी मागे फिरले. चुलीशी येऊन कळ दाबली.

"उद्या."

आणि तुम्ही डाव्या हातानं, किती वेळ लावून, उत्तर दिलंत. "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा घेऊन गेले, आणि कप त्यांच्या हातातून पडल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

तुम्हाला खाली घेतलं तेव्हा बायका जमल्या. आत्याबाईंनी मला दंडाला धरून पुढे ढकललं. "रड वं, सासरा गेला तुया, मोठ्यानं आयकव त्याले!" बघा ना, नाना! जिवंत सासऱ्यापुढे ब्र काढायचा नाही, आणि मेल्यावर सून गप्प राहिली तर लोक नावं ठेवतात. मी तोंड उघडलं आणि माहेरची बोली बाहेर पडली. "नाना, आयका ना! मी बोलस ना! मी शे आठे!" आख्ख्या गल्लीनं ऐकलं. पदर खांद्यावर पडला होता. सगळ्या म्हणाल्या, केवढी माया होती सुनेची. एका रात्रीनं उशीर झाला होता मला.

तेराव्यानंतर सासूबाईंजवळ मी सगळं कबूल केलं. मला वाटलं, चिडतील. त्या उलट म्हणाल्या, "आमाले ठावं नव्हतं का वं? बठ्ठं घर आयकत होतं ती कटकट. तू बोलली असती तं मी का तुले फाडून खाल्लं असतं?" आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "त्याइचा जीव दारात अडकला होता. मले वाटलं, लेकाची वाट पाहून रायले."

म्हणजे कुणीच अडवलं नव्हतं मला! दार उघडं होतं. मीच ते पाच वर्षं धरून बसले होते. हे मला सोसत नाही, नाना.

आज सकाळी धाकटीनं मी कोनाड्यात काढून ठेवलेली कळ शोधून काढली. आत्याबाईंनी तिला तारेची गोष्ट सांगितली असावी. माझ्यामागे लागली, "माले बी शिकाडा ना, अक्का." ह्यांच्याशी, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांशी, तिलाही बोलायचं नसतं. म्हणून तिला ती तार हवी. मी कळ तिच्या हातातून काढून घेतली. तिचं तोंड एवढंसं झालं. वाटलं असेल, अक्का चिकट आहे, खेळणं वाटून घेत नाही. तुम्ही तर शिंपीकाकांना बोट हसत हसत द्यायचा.

विमान देईन तिला. बोट देईन, माकड देईन. तार देणार नाही. तिला काय बोलायचं ते तिनं ह्यांच्याकडे बघून, तोंडानं बोलायचं. आत्याबाईंना मी बघून घेईन.

आणि आता लिहिता लिहिता लक्षात येतंय, नाना, की मी आजही तेच करते आहे. आत बसून, गुपचूप, आवाज न करता तुमच्याशी बोलते आहे! सासूबाई उठतील एवढ्यात. हे शेतातून येतील. तुम्हाला वचन देते, हे पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवणार नाही. आज दिवेलागणीला ओसरीवर सगळे बसले असताना तुमच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून. आवाज फुटला नाही तर थांबेन, पाणी पिईन, पुन्हा वाचेन. मागे फिरणार नाही.

तुमची सून,
इंदू