लग्नाच्या तारखेचा रकाना

ताताय,

भात कुकरमध्ये आहे. सिनिगांगचं आंबट सार उकळलं की मासा घाला. आजची ड्यूटी मी मुद्दाम मागून घेतली, समोर बसून बोलणं जमेना.

रोडेलच्या व्हिसाचा अर्ज टेबलावर आहे. "डिसेंबरात गावी जाऊन लग्न कर, आल्या आल्या पाठवू," म्हणालात. मी सगळं भरलंय, फक्त लग्नाची तारीख सोडून. पेन घेऊन तासभर बसले.

तुमची अविवाहित मुलगी म्हणून मला अमेरिकेत आणायला तुम्ही नऊ वर्षं थांबलात. माझा व्हिसा आला त्याच आठवड्यात रोडेल म्हणाला, "लग्न करून जा, नाहीतर विसरशील." आम्ही गुपचूप केलं, आणि विमानतळावर मी अविवाहित असल्याचंच सांगितलं. आता खरी तारीख लिहिली तर माझंच ग्रीनकार्ड जाईल बहुतेक. डिसेंबरात पुन्हा लग्न केलं तर ते दुसरं खोटं. आधी वकिलाकडे जाऊ की तुमच्याकडे येऊ, तेच कळेना.

रागवा, पण आज गावच्या चर्चमधल्या फादर एलिसेओंना फोन करू नका. माझं लग्न लावाल का विचारलंत तर ते गोंधळतील. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लावलंय.

लिगाया