मागच्या पायऱ्यांचा कठडा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंबरेचं हाड सांधत आलंय हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मी पत्र लिहितो असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ओरडून बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. जे आहे ते हळू आवाजातलंच आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परत जाऊन आलो. आता दुसऱ्या डोळ्याचाही मधला भाग गेला म्हणाले. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्मा बदलून उपयोग नाही. कडेचं तेवढं दिसत राहील. म्हणजे गंमत बघ, ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं आणि जे बघायचं नसतं ते सगळं दिसतं. काल चपलांच्या दुकानासमोर थांबलो. वरची पाटी मीच रंगवलेली, थोरला जन्मला त्या वर्षी. पाटी काही दिसली नाही, शेजारचा विजेचा खांब मात्र स्वच्छ.

येत्या रविवारी पोरं येतायत, चांगली आठवडाभर. थोरला एकटाच, आणि छोटी आपल्या लेकीला, चिमीला घेऊन. बाबा, आता एकटं राहणं पुरे, असं थोरल्याने मला आधीच दोनदा ऐकवलंय. त्याचं घर पाचव्या मजल्यावर, खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. डोळ्यांचं कळलं तर तो रविवारीच माझी बॅग भरायला घेईल. म्हणून घर असं करून ठेवायचं ठरवलंय की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा अजून खणखणीत आहे. स्वयंपाकघराची भिंत रंगवून झाली. खिडक्यांची दारं उद्या. मुक्या बेलला वाचा फोडली. आणि मागच्या दाराच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवणार आहे. पोरांना सांगेन चिमीसाठी म्हणून, पण आहे तो माझ्यासाठी. त्या पाच पायऱ्या मला आता मोजून उतराव्या लागतात.

तू शब्द दिला आहेस, पोरांना काही कळवायचं नाही. तुझी पत्रं मी भिंगाखाली एकेक अक्षर धरून वाचतो, तेव्हा अक्षर मोठं काढ आणि उपदेश थोडक्यात कर.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
भाऊ


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

एका पानावर आठच ओळी लिहिते आहे. नातवाने विचारलं, आजी पाटी रंगवतेस का. म्हटलं, तो धंदा माझ्या भावाचा.

उपदेश थोडक्यात: शिडीवर चढू नकोस. कठडा गवंड्याकडून बसवून घे. पेंटरबुवा, तुम्ही जन्मभर भिंतीवर अक्षरं काढलीत, भिंतीला भोकं पाडणं हे तुमचं काम नव्हे.

मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. आजार लपवणारे खूप पाहिले. सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं, पाहुणे जाऊ देत, मग सांगतो. तूही तेच करतो आहेस. छोटीला तरी सांग. ती रडेल, पण रडून झाल्यावर कामाला लागेल.

शब्द दिलाय तो मोडणार नाही. पण तो देताना मला बरं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद, तुला जास्तीचा.

ताई


सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही काल सुखरूप पोचलो. दादा माझ्या आधी आला होता आणि आल्या आल्या नळाचं वॉशर बदलत बसला होता. बाबांनी घराचा कायापालट केलाय. पण आत्या, तो कायापालट बघून मला हसावं की रडावं कळेना.

स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे आणि मधोमध दाराएवढा पट्टा पिवळट. खिडकीचं डावं दार हिरवं, उजवं निळं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही या वयात फॅशनेबल झालात. ते हसले, पण जरा उशिराने. एक मात्रा तिरकी गेली म्हणून अख्खी पाटी खरवडून काढणारा हा माणूस. काल दारात मी उभी, तर माझ्या कानाच्या बाजूला बघून त्यांनी विचारलं, कोण हवंय. मी बाबा म्हटलं तेव्हा कुठे ओळखलं. चिमीने त्यांना चित्र काढून दिलं, तर म्हणाले, घोडा झकास जमलाय. ते घर होतं. चिमी रुसून बसली ती बसलीच.

दादा म्हणतो, त्यांना विसर पडायला लागलाय, डोक्याची तपासणी करू आणि या रविवारीच त्यांना घेऊन जातो. त्यावरून आमचं दोनदा वाजलं. मी बाबांना सरळ विचारलं तर म्हणाले, माझ्यावर विश्वास नसेल तर आत्याला विचार, ती नर्स होती.

म्हणून विचारते. तुला ते सगळं लिहितात. काही आहे का? तू जे लिहिशील ते मी खरं धरीन आणि दादालाही तेच दाखवीन.

बाकी ठीक. मागच्या पायऱ्यांना बाबांनी स्वतःच्या हाताने नवा कठडा बसवलाय. त्याला लटकण्यात चिमीचा दिवस जातो.

तुझ्या उत्तराची वाट बघते. कंबर सांभाळ.

तुझी,
छोटी


बुधवार, ११ फेब्रुवारी

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र आत्ताच मिळालं आणि लगेच उत्तर लिहायला बसले.

तुझ्या बाबांचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे, त्याची काळजी नको. मला लिहिलेल्या पत्रांत तो तारखा चुकत नाही, नावं चुकत नाही, टोमणेही चुकत नाही. चष्मा जुना झाला असेल. सवडीने एकदा डोळे तपासून घ्यायला सांग. म्हातारा माणूस एकटा राहिला की जरा बेफिकीर होतो, रंगाचा डबा न बघता उचलतो. दादाला सांग, घाई करू नकोस. मुळापासून उपटलेला माणूस या वयात दुसरीकडे रुजत नाही.

चिमीला त्या कठड्याला लटकू देऊ नकोस. काम नवं आहे, सिमेंट वाळायला वेळ लागतो.

सगळ्यांनी भांडण मिटवून गोडीने राहा.

तुझी,
आत्या


सोमवार, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र हॉस्पिटलच्या बाकावरून लिहिते आहे.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. मी ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, ठीक आहे, राहू देत त्यांना इथेच. आठवड्यात पहिल्यांदा आम्ही चौघं हसतखेळत जेवलो.

शनिवारी सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते. सिमेंटचं तू लिहिलं होतंस म्हणून चिमीला मी दोनदा कठड्यापासून हाकललं. तिसऱ्यांदा माझी पाठ होती. कठडा तिच्यासकट खाली आला. ती फरशीवर कोपरावर पडली. उजवं कोपर. ऑपरेशन करून आत तारा घातल्यात. डॉक्टर म्हणाले हाड जुळेल, पण हात पूर्ण सरळ होणार नाही. मी विचारलं, मोठी झाल्यावर? तर म्हणाले, मोठी झाल्यावरही.

दादाने घरी जाऊन बघितलं. चार स्क्रूंपैकी दोनच भिंतीतल्या लाकडात गेले होते, बाकीचे दोन नुसत्या गिलाव्यात. तो तसाच परत आला आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर बाबांवर ओरडला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. बाबांनी त्याला बोलू दिलं. मग इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाकावं लागलं. म्हणाले, मला दिसत नाही. सहा महिन्यांपूर्वी एक डोळा गेला, आता दुसराही. तुझा कान दिसतो, तोंड दिसत नाही. चिमीचा चेहरा या खेपेला मी बघितलेलाच नाही.

दादा खाली बसला. मी बाबांना एकच विचारलं, आत्याला माहीत होतं का? ते नाही म्हणाले. म्हणजे त्यांनी तुलाही अंधारात ठेवलं, आत्या. तू बिचारी चष्मा, सिमेंट असं लिहीत राहिलीस.

मला त्यांचा राग येतो आणि मग ते चाचपडत पाण्याचा पेला शोधताना दिसतात. राग जात नाही. तो घेऊन कुठे बसावं तेच कळत नाही.

चिमी बरी आहे म्हणायचं. डाव्या हाताने चित्रं काढते आणि चिडून फाडते.

तुझी,
छोटी


शुक्रवार, २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सावकाश सोडवून वाच. छोटी चिमीला घेऊन हॉस्पिटलात गेली आहे. थोरला सामान बांधायला खोके आणायला गेलाय. तेवढ्या वेळात लिहून पेटीत टाकून येतो. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनशे दहा पावलं आहेत, वाटेत एकच गटार.

छोटीने तुला कळवलंच असेल. मी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, एवढंच आहे ते. कठडा बसवला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी ओढून बघितला होता. हलला नाही. मला वाटलं, बोटांना अजून कळतंय.

चिमी मला घाबरत नाही. परवा मांडीवर येऊन बसली आणि प्लॅस्टर माझ्या हातात देऊन म्हणाली, बघ किती जड आहे. मी धरून बसलो. छोटी खोलीतून उठून गेली. ती माझं सगळं करते. ताट वाढते, औषध देते, कपडे काढून ठेवते. बोलत नाही. बोलली तर तुमचं आंघोळीचं पाणी काढलंय, एवढंच.

पुढच्या शनिवारी थोरला मला घेऊन जाईल. घर बंद होईल. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे काही शिल्लक नाही. तिथल्या एकाही दुकानावर माझं अक्षर नाही, अर्थात असतं तरी काय.

आता महत्त्वाचं. तुला माहीत होतं का असं छोटीने विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. तू तेच धरून राहा. तिचं आईच्या जागचं माणूस तू एकटी उरली आहेस. मी तर तिच्या मनातून गेलोच, तुला कशाला जाऊ देऊ. भिंगानेही आता जमत नाही, यापुढे तुझी पत्रं मला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायची. तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं असं लिही. हे माझ्या हातचं शेवटचं पत्र.

माया ठेव असं सांगायला नको तुला.

तुझा,
भाऊ


मंगळवार, २४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ओळी सोडवायला दोन दिवस लागले. तू सांगितलंस तसं पत्र मी लिहायला बसले. पहिलं पान लिहून झालं आणि ते वाचवेना.

छोटी, हे तू बाबांना वाचून दाखवते आहेस हे मला माहीत आहे. इथून पुढचं तुझ्यासाठी आहे. मोठ्यानेच वाच, त्यालाही ऐकू दे.

मला माहीत होतं. पहिल्या डोळ्याचं कळलं त्या आठवड्यापासून. तू मला विचारलंस तेव्हा दुसराही गेला होता आणि तेही मला माहीत होतं. तू लिहिलंस की चिमी त्या कठड्याला लटकते. तो बसवणाऱ्याला किती दिसतं, हे घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. मग सिमेंट लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर तू तिला त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवू दिलं नसतंस. खोटं कारण लिहिलं म्हणून तू दोनदा हाकललंस आणि तिसऱ्यांदा पाठ फिरवलीस. ती पाठ फिरली याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस.

मी शब्द पाळला असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. नर्स होते म्हणून तू विचारलंस, आणि वॉर्डात असं वागणाऱ्या मुलीला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

भाऊ, तू माझ्यासाठी खोटं बोललास ते मी परत करते आहे. रागावू नकोस. एका घरात दोन माणसांनी लपवलं, तेवढं पुरे झालं.

छोटी, चिमीच्या प्लॅस्टरच्या आत खाज सुटेल, तिला काडी घालू देऊ नकोस. प्लॅस्टर निघाल्यावर हात जबरदस्तीने ओढू नका, डॉक्टर सांगतील तेवढाच हलवा. याच्याहून जास्त काही मला करता येत नाही. कंबर अशी आहे की येऊन तुझ्यासमोर उभीही राहू शकत नाही.

लोभ मागायची हाताला सवय आहे, या वेळी मागत नाही. उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण तेही खोटंच झालं असतं.

आत्या