हरिहर माजिवड्याला

६ ऑगस्ट १९९५
हरिहर आज मावशीकडे माजिवड्याला गेला— राहायलाच. माझ्या कफात नवा जंतू सापडलाय, त्याच्या कफात नाही. डॉक्टर म्हणाले, एका घरात राहिलात तर भावालाही होईल, आणि एकदा छातीत बसला की जात नाही. सिस्टिक फायब्रोसिस, हा छातीत चिकट कफ साठण्याचा आजार, आम्हा दोघांना जन्मापासूनच आहे. त्यात ही भर.

त्याची नोकरी ठाण्याला, म्हणून तो गेला, मी डोंबिवलीतच. कुणी रडलं नाही. आईने डबा दिला, मीठ सढळ हाताने घालून. आमच्या घामातून मीठ जातं ना!

मला काहीच वाटलं नाही. जेवले, झोपले.

९ ऑगस्ट
कफ सुटायला सकाळ-संध्याकाळ पाठ थापटून घ्यावी लागते. आजवर आम्ही बहीण-भाऊ एकमेकांची थापटायचो. आता अण्णा थापटतात. रिटायर झालेत, वेळ आहे. पण हात असा पडतो की मी जणू काचेची. कफ जागचा हलत नाही. हरिहर आधी काहीतरी भांडण उकरून काढायचा आणि मग बडवायचा. शेजारच्या रंगूबाई एकदा सोडवायला आल्या होत्या.

२१ ऑगस्ट
ऑफिस. खोकला. झोप.

१७ सप्टेंबर
हरिहरचा फोन. मावशी बाळाला झोपवल्यासारखं थापटते म्हणाला. "ताई, जरा खोकून दाखव ना. इथे फार शांत आहे गं." मी खोकले. मग तोही खोकला. अण्णा म्हणाले, "अरे, काहीतरी बोला तरी."

१० ऑक्टोबर
मुंबईला तपासणी. या आजाराचे डॉक्टर लहान मुलांचेच, त्यामुळे बाकावर सगळी पोरं आणि मध्ये सव्वीस वर्षांची मी. नर्सने विचारलं, "बाळाला नाही आणलं?"

वजन उतरलंय. डॉक्टरांनी आज पहिल्यांदाच विचारलं, "एरवी कसं चाललंय? मन रमतं का?" मी म्हटलं, चाललंय.

२५ ऑक्टोबर, भाऊबीज
गच्चीवर ओवाळलं. उघड्यावर, लांबून— आईची अट. कुंकूही त्याला आईनेच लावलं. मग आई-अण्णा फराळाचं बघायला खाली गेले.

हरिहर म्हणाला, "ओवाळणी काय देऊ? चल, पाठ कर इकडे." नको म्हणायला हवं होतं. मी चटईवर पालथी झाले. नाका-तोंडाला रुमाल बांधून त्याने चांगलं बडवलं. म्हणे, लहानपणी माझा पतंग फाडलास त्याबद्दल! खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण छाती मोकळी झाली. जिना न थांबता उतरले.

आई म्हणाली, "आज चेहरा बरा दिसतोय गं." मी चकली तोंडात टाकली.

३ डिसेंबर
हरिहरला ताप. सर्दीचा असेल म्हणतोय.

१९ डिसेंबर
ताप उतरत नाही. कफ तपासायला दिलाय. मी ऑफिसला जाते, येते. आई देवापुढे बसते. मला तेही जमत नाही.

११ जानेवारी १९९६
अण्णा रिपोर्ट घेऊन आले. हरिहरच्याही कफात तोच जंतू. डॉक्टर म्हणाले, आता वेगळं राहून काही उपयोग नाही. रविवारी तो घरी येतोय.

मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आपण काय ऐकलं, ते नंतर कळलं.