पंतांचा शेजार

दि. ३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा पाय ठणकतोय हे वाचून जीव टांगणीला लागला. नऊ तारखेला ऑपरेशन, तोवर उगाच चालू नकोस. तुझे पंत इथे सुखरूप आहेत. पण बारा वर्षं तुझ्या गप्पा ऐकलेलं कासव ते, दिवसभर काचेला नाक लावून दाराकडे बघत असतं. म्हणून त्यांना शेजार आणावा म्हणते. अ‍ॅक्वेरियमवाले काका म्हणाले, सोनेरी मासे सुस्त, एका घासात संपतील. काटेरी तर नकोतच, घशात अडकतात. पट्टेवाले चपळ मासे न्या, आणि राठ पानांचं रोप लाकडाला बांधा, कारण रोवलेलं कासव उपटतं. आणू का? तुझ्या शब्दाशिवाय काही करणार नाही.

उत्तराकडे डोळे लावून,
तुझी भाची

दि. ६ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

शिंकायलासुद्धा परवानगी मागशील तू! आण मासे. पंत एखादा गिळतील; कासव आहेत, साधू नव्हेत. शेजारच्या खाटेवरच्या बाई इतक्या घोरतात की मला आमचा मुका सोबती आठवतो. मला खरंखरं कळव. गोडगोड पत्रं इथे सगळ्यांनाच येतात.

माया आहेच, मागायला नको.
आत्या

दि. १४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवाच्या कार्डात पंत मजेत आहेत असं लिहिलं, ते खोटं होतं. चुकलेलं पुसायचं नाही, रेघ मारून खाली बरोबर लिहायचं, हे पाटीवर तूच शिकवलंस. त्या वाक्यावर रेघ मार.

मासे सहापैकी पाच आहेत. पण लाकूड तरंगू लागलं, म्हणून मी त्यावर बारीक खडे रचले. सात पाण्यांनी धुतले, आणि केवढे असावेत हे मात्र कुणाला विचारलं नाही. पंतांनी ते गिळले. पाच दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, पोटात हरभऱ्याएवढे अकरा खडे. बाहेर पडले तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि भरवसा ते देत नाहीत. तू हिंडूफिरू लागेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं बाबा म्हणाले. मी ऐकलं. तुझ्या घरातलं एकुलतं माणूस तू माझ्या हाती दिलंस आणि मी हे केलं. रागाव, पण लिही. तुझं ऑपरेशन छान झालं म्हणे?

कसं मागू, तरी लोभ राहू दे.
भाची

दि. १८ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले. दुपारी जेवले नाही. मग आठवलं, तुझा बाबा माझ्याही खाटेशी बसून हेच सांगून गेला होता, की पोरगी घाबरट आहे, तिला इतक्यात कळवू नकोस. पाय जोर धरत नाही, चिमणे. कुबड्यांशिवाय चालणं आता नाही, आणि माझ्या घराला दोन जिने. भाऊ मायेनेच करतो, पण दोघींना दोन खोल्यांत कोंडून वर दोघींची समजूत काढतो.

आता रोज एक कार्ड लिही आणि स्वतः पेटीत टाक. खडा पडला तर पडला लिही, पंत गेले तर गेले लिही. किती पावलं टाकली ते मीही रोज लिहीन. आज एकही नाही.

रागासकट तुझीच,
आत्या